दोनशे पावलांवरचा समुद्र : घरगुती रीफ टाकीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतील नोकरी संपवून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या किनाऱ्यालगतच्या गावी परतलेल्या एका गृहस्थांनी जुन्या चिरेबंदी घरात रीफ टाकी, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवण्याची खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, उभारली. उभारणीपासूनच्या पहिल्या दीड वर्षाची ही नोंद आहे. गाव, घरातील माणसे आणि विक्रेते यांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत. प्रस्तुत लेखकाचा संबंध सल्लागार म्हणून आला आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे एका चुकीच्या निर्णयात त्याचाही वाटा होता.

गृहस्थांना मुंबईत असताना गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा वीस वर्षांचा अनुभव होता. तारापोरवाला मत्स्यालयातील समुद्री माशांपुढे ते लहानपणी तासन्‌तास उभे राहत, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. गावी परतल्यावर समुद्र घरापासून दोनशे पावलांवर आला. त्यांच्या मनातील हिशेब साधा होता. मुंबईतील हौशी लोक पोत्यांनी कृत्रिम मीठ विकत घेतात, शुद्ध पाण्यात कालवतात आणि त्यावर पैसे घालवतात. आपल्याकडे तर तेच पाणी दारात येऊन परत जाते. या एका गृहीतकावर पुढचे बरेचसे निर्णय उभे राहिले आणि बहुतेक अडचणीही त्यातूनच निघाल्या.

टाकीचे माप ठरले ते ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच. आतील घनफळ सुमारे ८५० लिटर. दगड आणि वाळू यांनी व्यापलेली जागा वजा करून व खालच्या संपमधील (टाकीखालच्या पूरक टाकीतील) पाणी मिळवून प्रत्यक्ष फिरते पाणी सुमारे ९०० लिटर धरले. घरात गृहस्थ, त्यांच्या पत्नी, वृद्ध आई आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या अशी चार माणसे. रोजचे काम गृहस्थ आणि पुतण्या यांनी वाटून घ्यायचे होते.

जागा आणि भार

पहिला विचार माडीवरच्या खोलीचा होता, कारण तेथून समुद्र दिसतो. तो विचार एका बैठकीतच सोडावा लागला. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला १ किलोपेक्षा थोडे अधिक असते. पाणी, १२ मिलिमीटर जाडीची काच, दगड, वाळू आणि चौथरा मिळून वजन सव्वा टनाच्या घरात जाते आणि ते सगळे १५ चौरस फुटांवर उभे राहते. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९०० किलो. राहत्या घराच्या स्लॅबची रचना करताना भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा चल भार धरतात. एका कोपऱ्यात, तुळईच्या बाजूला ठेवून भागेल असे म्हणणारे लोक भेटतात. पण तीस वर्षांपूर्वी गवंड्याने अंदाजाने ओतलेल्या आणि खाऱ्या हवेत सळया गंजलेल्या स्लॅबबाबत असे बोलणे धाडसाचे आहे.

तळमजल्यावर ओटी, माजघर आणि मागची पडवी असे तीन पर्याय उरले. ओटीवर दुपारनंतर पश्चिमेचे ऊन येते, त्यामुळे शेवाळ आणि उष्णता दोन्ही वाढली असती. पडवी पावसाळ्यात झडीने भिजते. माजघर काळोखे आणि कौलांखाली माळा असल्याने दिवसा त्यातल्या त्यात थंड, म्हणून तेच निवडले. माजघरात आई झोपतात. त्यांची अट एकच होती : छताच्या पंख्याहून जास्त आवाज होता कामा नये. ही अट पुढे उपकारक ठरली, कारण तिच्यामुळे चिलर घरात न ठेवता मागच्या पडवीत, भिंतीपलीकडे ठेवावा लागला. चिलर पाण्यातली उष्णता काढून आजूबाजूच्या हवेत सोडतो. तो माजघरातच असता तर थंड केलेल्या टाकीने खोलीच तापवली असती आणि खोलीने पुन्हा टाकी.

जोत्यावरील जमीन मातीच्या भरावाची होती आणि वर फरशी. एकाच बाजूने जमीन खचली तर काचेचे सांधे उघडतात. म्हणून फरशी काढून, भराव धुम्मस करून, तेवढ्या जागेत काँक्रीटचा जाड थर ओतला. लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत गंजतो म्हणून गवंड्याने चिऱ्यांचे तीन खांब सुचवले. जांभा ओला झाला की ठिसूळ होतो आणि त्यातून लोह सुटते, या शंकेने ते खांब सिमेंटचा गिलावा करून टाइलने मढवले. खांबांवर जाड मरीन प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलचा पत्रा. या कामात घाई झाली नाही आणि दीड वर्षात पातळी तसूभरही हललेली नाही.

विजेबाबत दोन गोष्टी करून घेतल्या. टाकीच्या सर्व जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवला. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी बिघडते, म्हणून मीठ आणि कोळसा घालून अर्थिंगचा वेगळा खड्डा केला. मार्च ते मे त्यात दर आठवड्याला पाणी ओतले जाते.

पाणी कुठले

मुख्य निर्णय हाच होता आणि त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. पर्याय तीन. वर्षभर समुद्राचे पाणी वापरणे. समुद्राला हातच न लावता आरओ पाण्यात कृत्रिम मीठ कालवणे. किंवा पावसाळा सोडून समुद्राचे पाणी आणि पावसाळ्यासाठी साठा.

रीफ टाकीत खारेपणा हजारात ३५ भागांच्या आसपास, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवतात. हिवाळ्यात किनाऱ्यापासून आत घेतलेले अरबी समुद्राचे पाणी या अपेक्षेला पुरे पडते. पावसाळ्यात मात्र कोकणातल्या प्रत्येक खाडीतून गोडे पाणी, तांबडी माती आणि शेतातले खत समुद्रात उतरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात किनाऱ्याजवळचे पाणी जून ते सप्टेंबर समुद्राचे असते ते नावापुरतेच. शेजारच्या वयस्क तांडेलांनी हे शास्त्र एका वाक्यात सांगितले होते : “पावसात दर्याचा पाणी घरात हाडू नको, तेच्यात मीठ रवणा नाय.”

प्रस्तुत लेखकाने दुसरा पर्याय सुचवला होता. ९०० लिटरसाठी लागणारे मीठ ३३-३४ किलोच्या आसपास. पुढे दर पंधरवड्याला एकदशांश पाणी बदलले तर प्रत्येक वेळी साडेतीन किलोपेक्षा कमी. खर्च होता, पण रचना वर्षभर एकसारखी राहिली असती. गृहस्थांना ते पटले नाही. समुद्राकाठी राहून मीठ विकत घेणे त्यांना, त्यांच्याच शब्दांत, ‘आंब्याच्या बागेत बसून डबाबंद आमरस खाण्यासारखे’ वाटत होते. तिसऱ्या पर्यायावर तडजोड झाली आणि लेखकाने फारसा आग्रह न धरता मान डोलावली.

पाणी आणण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक ठरवली. उधाणाला भरती-ओहोटीचा जोर असतो आणि तळाचा गाळ वर येतो, म्हणून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असतानाचे, दिवस निवडायचे. खाडीचे तोंड आणि बंदर टाळायचे. बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. तांडेलांच्या होडीतून किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर आत जाऊन, भरती पूर्ण होत असताना, ५० लिटरचे १८ कॅन भरून आणायचे. घरी आल्यावर ते सुती फिल्टरमधून गाळून, झाकलेल्या काळ्या टाकीत हवेचा पंप लावून किमान १० दिवस ठेवायचे. पाण्यातले सूक्ष्म प्लवक काळोखात मरतात, कुजतात आणि ते कुजणे आपल्या मुख्य टाकीत न होता बाहेरच संपते. हे १० दिवस या पद्धतीचा कणा होते. पुतण्याला नेमके हेच कारण कोणी सांगितले नव्हते, फक्त दिवस सांगितले होते.

दगड, वाळू आणि कायदा

तारकर्लीत पर्यटकांना पाण्याखाली नेणारा एक ओळखीचा तरुण ‘जिवंत दगड’ (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड) आणून देण्यास तयार होता. वादळानंतर किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे येतात, ते वेचावेत असाही विचार घरात निघाला. हे दोन्ही विचार सुरुवातीलाच सोडले, हा या प्रकरणातील सर्वांत योग्य निर्णय म्हणावा लागेल. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली तरी त्यांचे स्थान तेथेच राहिले. समुद्रपंखे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सगळे समुद्रघोडेही संरक्षित आहेत. मेलेला तुकडा घरात ठेवणे हेही गुन्ह्यात मोडते, हे अनेकांना माहीत नसते. शिवाय मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे आणि तेथील प्रवाळ आधीच गाळ, तापमान आणि गर्दी यांनी बेजार आहेत.

किनाऱ्यावरची वाळूही नको ठरली. किनारी नियमन क्षेत्रातून वाळू काढण्यास बंदी आहे हे एक, आणि दुसरे म्हणजे या किनाऱ्याच्या वाळूत काळ्या, लोहयुक्त खनिजांचे कण असतात. पंपाच्या आत फिरणाऱ्या चुंबकाला ते चिकटतात आणि पंप घासत घासत बंद पडतो. त्याऐवजी अ‍ॅरागोनाइटची तयार वाळू विकत घेतली.

दगड घरीच केले. पांढरे सिमेंट, कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या कुटलेल्या शिंपल्या आणि जाडे मीठ यांचे मिश्रण ओल्या वाळूच्या साच्यात ओतले. नंतर मीठ विरघळून पोकळ्या राहतात आणि त्यांत जिवाणू वस्ती करतात. शिंपल्यांची या घरात कधीच कमतरता नव्हती. नव्या सिमेंटमधून चुना सुटून पाण्याचा सामू चढतो, म्हणून हे दगड गोड्या पाण्यात, पाणी बदलत, आठ आठवडे बुडवून ठेवले. सहाव्या आठवड्यात सामू उतरल्यासारखा दिसला आणि गृहस्थांना टाकी भरायची घाई झाली. पण पाणी न बदलता चार दिवस ठेवल्यावर तो पुन्हा चढला. ही छोटी चाचणी केली नसती तर पहिलेच मासे गेले असते.

दगडी प्रवाळ नाहीत म्हटल्यावर टाकीचे रूप बदलले. मऊ प्रवाळांपैकी चामड्यासारखे दिसणारे सार्कोफायटन, छत्रीच्या आकाराचे प्रवाळ (‘छत्र्या’) आणि झोअँथिड एवढेच ठेवायचे ठरले आणि तेही बिल व उगम लिहून देणाऱ्या विक्रेत्याकडूनच. दोन विक्रेत्यांनी कागद देण्यास टाळाटाळ केली, त्यांच्याकडून काही घेतले नाही. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून हात घालताना हातमोजे आणि चष्मा हा घरात नियम झाला. क्लाउनफिश समुद्रातून पकडलेले न घेता हॅचरीतले घेतले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केलेले आहे आणि असे मासे घरी आणल्यावर पहिल्या दिवसापासून कोरडे खाद्य खातात. या निवडीचा एक अनपेक्षित फायदा झाला. दगडी प्रवाळ वाढताना पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कता झपाट्याने खातात आणि रोज मोजून भरपाई करावी लागते. येथे तो खटाटोप पाणीबदलावर आणि अधूनमधून थोड्या चुन्याच्या निवळीवर भागला. आईंना चुन्याची निवळी पानाच्या डब्यामुळे परिचयाची. हे मासे पान खातात का, असे त्यांनी विचारले.

उष्णतेचा प्रश्न

डिसेंबरात भांग साधून पाणी आणले, १२ दिवस काळोखात ठेवले आणि टाकी भरली. रिफ्रॅक्टोमीटरवर खारेपणा बरोबर ३५ आला. जिवाणूंची वस्ती जमून माशांना विषारी असलेला अमोनिया आधी चढून शून्यावर, नंतर तसाच विषारी नायट्राइट शून्यावर येण्यास साडेपाच आठवडे लागले. फेब्रुवारीत क्लाउनफिशची जोडी आली. मार्चमध्ये चार क्रोमिस मासे, दोन क्लीनर कोळंब्या आणि मऊ प्रवाळ. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवला होता, कारण क्रिप्टोकॅरियॉन या परजीवीने होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचे औषध तेथे घालता येत नाही. तांबे कोळंब्या आणि प्रवाळ दोघांनाही मारते.

चिलर लगेच घ्यावा की नाही यावर मतभेद होता. त्याची किंमत टाकीच्या काचकामापेक्षा जास्त होती. पुण्यातील एका परिचिताने पाण्यावर पंखे लावून दोन-तीन अंश तापमान उतरवले होते, तेच येथे करावे असे गृहस्थांचे म्हणणे होते. पंखा पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने आणि हवा आधीच दमट असेल तर बाष्पीभवन मंदावते. माजघरात मे महिन्यात हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याने मोजलेले तापमान २८ अंशांच्या आसपास येते. पंखा कितीही जोरात फिरवला तरी पाणी त्याखाली जाऊ शकत नाही, आणि पंप व दिवे उष्णता ओततच असतात. पुण्याच्या कोरड्या एप्रिलचा अनुभव कोकणातल्या मे महिन्याला लागू पडत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पंखे लावूनही पाणी २९.५ अंशांवर गेले आणि छत्र्या मिटल्या, तेव्हा चिलर मागवला. तो पडवीत बसवून, नळ्यांवर फोमचे वेष्टण घालून, तापमान २६ अंशांवर स्थिर केले. आधी घेतला असता तर तीन आठवड्यांचा त्रास वाचला असता. पण तोपर्यंत गृहस्थांची खात्री पटली नव्हती, हेही खरे.

ऑगस्टमधील घटना

पावसाळ्यासाठी मे अखेरीस ५०० लिटर समुद्राचे पाणी साठवले होते. हा आकडा महिन्याला एक पाणीबदल धरून काढला होता. मेमध्ये नायट्रेट, म्हणजे घाणीपासून पाण्यात साचत जाणारा पदार्थ, वाढू लागल्याने बदल पंधरवड्यावर आणला, पण साठ्याचा हिशेब नव्याने कोणी केला नाही. प्रत्येक वेळी ९० लिटर याप्रमाणे जूनच्या सुरुवातीपासून पाच बदल झाले आणि जुलै संपताना साठा संपला. मिठाची दोन पोती मागवायची राहून गेली. ऑगस्टच्या मध्यावरचा बदल चुकला.

त्याच सुमारास गृहस्थांना भावाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस जावे लागले. नारळी पौर्णिमा झाली होती. समुद्राला नारळ वाहिला, होड्या बाहेर पडू लागल्या, म्हणजे समुद्र निवळला, असा पुतण्याचा समज झाला. रूढीच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु मासेमारीस समुद्र पुरेसा शांत होणे आणि पाण्याचा खारेपणा पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्याजवळ दुसरी गोष्ट घडायला पाऊस थांबल्यावरही बराच काळ जातो. शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाण, म्हणजे गाळ सर्वांत जास्त वर आलेला. पुतण्याने पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, होडी मिळाली नाही म्हणून किनाऱ्यावरूनच, चार कॅन भरले. रिफ्रॅक्टोमीटर काकांच्या कपाटात कुलूपबंद होता, त्यामुळे जुना काट्याचा हायड्रोमीटर वापरला. त्याच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्याहून खारट दिसते. काट्याने १.०२४ दाखवले. पाणी गाळले, एक रात्र ठेवले, आणि चुकलेला बदल भरून काढण्यासाठी दुप्पट, म्हणजे १८० लिटर, सकाळी अर्ध्या तासात टाकीत सोडले.

कॅनमध्ये उरलेले पाणी नंतर मोजले तेव्हा खारेपणा हजारात २२ होता. टाकीतला खारेपणा अर्ध्या तासात ३५ वरून ३२.४ वर आला होता. मासे एवढा बदल सहसा सोसतात. कोळंब्यांना तो सोसत नाही. संध्याकाळी एक कोळंबी मेलेली दिसली, रात्री दुसरी. दुसऱ्या दिवशी अमोनिया अर्धा मिलिग्रॅम प्रतिलिटर. न कुजता आत आलेले प्लवक आता टाकीतच कुजत होते.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना फोन केला आणि काकांनी लेखकाला. त्याच दुपारी वादळी पावसात वीज गेली आणि ती ३१ तासांनी परत आली.

३१ तासांतील निर्णय

घरात १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर होता. १२ व्होल्टने हिशेब केला तर १८०० वॅट-तास. घट आणि बॅटरीची मर्यादा वजा जाता सुमारे हजार. त्यावर घराचे दिवे, पंखे आणि टाकी. चिलर चालवला असता तर अडीच तासांत बॅटरी संपली असती. पुतण्याचा कल आधी चिलरकडे होता, कारण एप्रिलमध्ये त्याने उष्णतेचाच त्रास पाहिला होता. फोनवर ठरले ते असे की ऑगस्टमध्ये पाणी २८ अंशांच्या वर जाण्याची भीती नाही. मासे मरतील ते प्राणवायूच्या अभावाने. अमोनिया वाढलेला असताना जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. म्हणून चिलर, दिवे आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) बंद. फक्त ३० वॅटचा एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) पाण्याचा पृष्ठभाग ढवळत राहील अशा कोनात, आणि बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप. आईंनी रात्री स्वतःहून माजघरातला पंखा बंद करायला लावला. या बेतानेही बॅटरी जेमतेम पुरली. शेवटचे दोन तास पुतण्या आणि त्याच्या काकूंनी पाणी तपेल्याने उचलून वरून ओतले.

उभारणीतील एक जुनी काळजी येथे कामी आली. वीज जाते तेव्हा वरच्या टाकीतील काठापर्यंतचे पाणी संपमध्ये उतरते. या टाकीत पातळी एक इंचाने उतरली तरी सुमारे ३५ लिटर खाली येते. संपमध्ये तेवढी जागा मुद्दाम मोकळी सोडली होती, त्यामुळे माजघरात पाणी सांडले नाही.

वीज आल्यावर खारेपणा दुरुस्त करण्यात आणखी एक अडथळा आला. नेहमीची पद्धत अशी की उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड्याऐवजी खारे पाणी भरायचे, म्हणजे खारेपणा हळूहळू चढतो. पण पावसाळ्यात या टाकीतून दिवसाला तीनच लिटर पाणी उडते, एप्रिलमध्ये नऊ-दहा उडत असे. त्या वेगाने तीन आठवडे लागले असते. म्हणून शेजारच्या तालुक्यातील एका हौशी गृहस्थांकडून मीठ आणून ३८ भागांचे पाणी तयार केले आणि रोज थोडे थोडे बदलत सहा दिवसांत टाकी ३५ वर आणली.

परिणाम

दोन कोळंब्या, दोन क्रोमिस आणि सार्कोफायटनचा मोठा तुकडा गेला. क्लाउनफिशची जोडी वाचली. छत्र्या महिनाभर मिटलेल्या राहून पुन्हा उघडल्या. गाळातून आलेल्या फॉस्फेटमुळे दगडांवर केसाळ शेवाळ चढले आणि ते हाताने उपटण्यात दिवाळी गेली. सप्टेंबरपासून पाणीबदल पूर्णपणे कृत्रिम मिठावर आणला. विहीर मेमध्ये मचूळ होते, म्हणून आरओ यंत्राच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) दर आठवड्याला वहीत नोंदला जातो. पुढच्या जानेवारीत गृहस्थांनी हौसेने एकदा भांगाचे पाणी आणले, १४ दिवस ठेवले आणि वापरले. त्यात काही बिघडले नाही.

वेगळे काय करता आले असते

पाण्याच्या स्रोताबाबत लेखकाने पहिल्या बैठकीत अधिक ठाम राहायला हवे होते. गृहस्थांचे समुद्राशी असलेले नाते हा हिशेबाचा भाग नव्हता, पण तो हिशेबाच्या आड आला. समुद्राचे पाणी वापरण्यात मुळात चूक नव्हती. चूक साठ्याच्या आकड्यात होती : पंधरवड्याचा बदल आणि जून ते ऑक्टोबर असे पाच महिने धरले तर ९०० लिटर, म्हणजे एक संपूर्ण टाकीभर पाणी साठवावे लागते. एवढी जागा आणि तेवढी होडीची फेरी नसेल तर मिठाची पोती मेमध्येच घरात असायला हवीत.

पुतण्याला दोष देणे सोपे होते आणि पहिल्या दोन दिवसांत घरात तसे झालेही. पण त्याच्याजवळ नियम होते, कारणे नव्हती; उपकरण कुलपात होते; आणि चुकलेला बदल दुपटीने भरून काढू नये हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. बदल आणखी आठवडाभर पुढे ढकलला असता तर नायट्रेट थोडे चढले असते, दुसरे काही झाले नसते. ‘शंका असेल तर काहीच करू नको’ एवढी एक सूचना जाण्यापूर्वी दिली असती तरी पुरले असते. आता रिफ्रॅक्टोमीटर टाकीशेजारी खुंटीला टांगलेला असतो, सोबत तो जुळवण्याच्या ३५ भागांच्या प्रमाण द्रावणाची बाटली असते, आणि हायड्रोमीटर पुतण्याने स्वतः फेकून दिला.

विजेबाबत अंदाज कमी पडला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले तेव्हा जिल्ह्यात अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. हे सर्वांना आठवत असूनही टाकीसाठी स्वतंत्र बॅटरी घेतली नव्हती. ती आता घेतली आहे आणि तिच्यावर वेव्हमेकरशिवाय काहीही जोडलेले नाही. लहान पेट्रोल जनरेटरचा विचार आईंच्या आवाजाच्या अटीमुळे सध्या बाजूला ठेवला आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मागच्या पडवीत समुद्रावरचा वारा थेट येतो आणि चिलरच्या जाळीचे पत्रे दीड वर्षातच हिरवट होऊन झडू लागले आहेत. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने ते धुतले जातात, तरी पुढच्या मेपर्यंत यंत्र टिकेल याची खात्री तंत्रज्ञ देत नाही. पडवीला आडोसा केला तर गरम हवा कोंडते, उघडी ठेवली तर खारा वारा लागतो. दिवाळीनंतर पाठच्या भिंतीत वर झरोका काढून तीन बाजू बंद कराव्यात, असे तूर्त ठरले आहे.